माझ्या पोटातली खारी वाळू

मी मिक्सर बोलतोय. स्वयंपाकघरातला नव्हे, तो बिचारा चटणी वाटतो आणि कपाटात जाऊन बसतो. मी बांधकामावरचा, दोन चाकांचा, एका पोत्याचा. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी पोटात घेऊन घोळवायचं आणि ओकून टाकायचं, हा माझा जन्माचा धंदा.

स्वभावाने मी संशयी आहे, हे आधीच सांगून ठेवतो. ज्याच्या पोटात रोज दुसऱ्याच्या हातचं जातं, त्याने डोळे मिटून गिळू नये, असं माझं मत आहे.

आणि माझा जन्मच मुळी थापेतून झाला. इलोइलो या आमच्या बेटावरच्या शहरात, बंदरामागे एका वेल्डरची पत्र्याची शेड होती. तिथे त्याने मोडीत निघालेल्या जहाजाच्या पत्र्यातून माझा ड्रम वळवला, आत पाती जोडली, आणि "इंजिन कोरं करकरीत आहे" म्हणून शपथ घेतली. इंजिन एका मासेमारीच्या होडीचं होतं. खाऱ्या वाऱ्यात वर्षानुवर्षं धडधडून दमलेलं. हिरवा रंग फासला की नवं, एवढीच त्याची नवेपणाची व्याख्या.

मला घ्यायला दोघं भावंडं आली होती. मारिफेल गुम्बान आणि तिचा धाकटा भाऊ जेरिक. मारिफेलने माझ्या रंगावर नख ओढून बघितलं, खाली वाकून इंजिनाकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे नवं आहे?"

"मानांग, सगळ्यावर संशय घेत बसलीस तर आपण हातानेच माल कालवत म्हातारे होऊ," जेरिक हसत म्हणाला.

मानांग म्हणजे थोरली बहीण. इकडे थोरल्या भावाला मानोंग म्हणतात, मग तो रक्ताचा असो वा गल्लीतला; आणि लेकीसारख्या मुलीला इंदाय, मुलाला तोतो. जेरिकच्या हसण्यात काहीतरी होतं. समोरच्याला आपलीच शंका कोती वाटायला लागायची. मारिफेलने नख पदराला पुसावं तसं जीन्सला पुसलं आणि मी त्यांचा झालो.

त्यांचं ऑफिस म्हणजे बेकरीच्या वरची एक खोली. मारिफेल तिथे घरांचे नकाशे काढी. जेरिक ती घरं जमिनीवर उभी करी. काम नसलं की मी जिन्याखाली उभा असे, गरम पावाच्या वासात. आई हाँगकाँगमध्ये लोकांची मुलं सांभाळायला गेली आणि हिने इथे भावाला सांभाळलं, हे मला बेकरीवालीच्या गप्पांतून कळलं. शाळेत त्याच्या तक्रारी आल्या की मारिफेल जायची, "माझा भाऊ असं करणार नाही" म्हणायची, आणि घरी आणून त्याला बदडायची. दोन्ही कामं ती मनापासून करायची म्हणे.

तिसरा माणूस मानोंग इस्योंग. मुकादम. भावंडांच्या वडिलांबरोबर याने गवंडीकाम केलेलं. ठेंगणा, तोंडाळ, कानामागे कायम अर्धी सिगारेट. मला चालू करताना तो हँडलला शिवी द्यायचा आणि मी सुरू झालो की मला थोपटायचा. माझा त्याच्यावर जीव होता, आणि संशयही होता. कारण संध्याकाळी माणसं हातपाय धुवायला गेली की फाटक्या पोत्यात उरलेलं सिमेंट तो बादलीत भरायचा, वर केळीचं पान झाकायचा आणि सायकलला अडकवून शीळ घालत घरी जायचा. शीळ घालणाऱ्या माणसाच्या बादलीत नेहमी काहीतरी असतं.

बरीच वर्षं बरी गेली. आम्ही घरं बांधली, एका दंतवैद्याचा दवाखाना मागच्या खोलीपर्यंत आणला, एका दुकानदाराच्या अंगणाला लांबलचक कुंपणभिंत घालायला घेतली. मग नदीतली वाळू काढायला बंदी आली. वाळू उपसून उपसून पुलाच्या खांबांचे पाय उघडे पडले होते. सगळीकडची कामं अडली. मारिफेलने दुसऱ्या नदीची वाळू कुठे मिळते ते शोधायला सांगितलं, आणि आठवडा संपायच्या आत जेरिक म्हणाला, "मिळाली."

"कुठून?"

"वरच्या अंगाला एक ओढा आहे. तू नकाशे काढ ना, मानांग. वाळूचं मी बघतो."

ती वाळू पहिल्यांदा माझ्या पोटात पडली ती त्या कुंपणभिंतीच्या वेळी. ड्रम फिरायला लागला आणि माझं होडीचं इंजिन एकदम शहारलं. ही चव त्याच्या ओळखीची होती. खारट.

मला वाटलं, चुकून एखादी खेप आली असेल. पण दुसरी खेपही तशीच. मग मी जेरिककडे लक्ष ठेवायला लागलो. पूर्वी मला धुवायचं काम मजूर करायचे. आता दुपारी जेवणाच्या वेळी जेरिक सगळ्यांना पिटाळायचा आणि स्वतः पाइप घेऊन माझ्या ड्रममध्ये डोकं घालायचा. पात्यांच्या खाचेत अडकलेले शिंपल्यांचे बारीक कपचे नखाने काढून खिशात टाकायचा. मालक स्वतःच्या हाताने मिक्सर धुतोय! मजूर म्हणायचे, बघा, मालक असावा तर असा. मी मनात म्हणायचो, बघाच.

मग मानांग एर्मिनच्या घराचं काम आलं.

एर्मिनचा नवरा क्लारितो जहाजावर आचारी. वर्षातला बहुतेक काळ समुद्रावर, परक्या लोकांना जेवू घालायचं. त्या कमाईतून जागा घेतली होती, आणि नाताळाला तो परत येईल तेव्हा नव्या घरात पाऊल ठेवेल असं ठरलं होतं. मारिफेलने नकाशा फार मायेने काढला होता. स्वयंपाकघर सगळ्यात मोठं, आणि त्याला अशी खिडकी की चुलीपुढे उभं राहिलं तर समुद्र दिसू नये.

"त्याने पुरे पाहिलाय समुद्र," एर्मिन म्हणाली होती.

ही बाई रोज छत्री घेऊन यायची, फळ्यांच्या ढिगावर बसायची आणि सगळ्यांकडे टक लावून बघायची. सोबत पानात बांधलेला चिकट भात आणायची. मजुरांना वाटायची आणि वाटता वाटता विचारायची, "काय रे, त्या कोपऱ्यात सळ्या कमी का दिसतात? खाऊन टाकल्यास का?"

"मानांग, तुमचा भात इतका चांगला असतो की सळ्या खायला पोटात जागाच उरत नाही," इस्योंग उत्तर द्यायचा.

माझ्याखेरीज तिथे संशयाने बघणारं आणखी कुणी आहे, याचा मला मोठा आधार वाटायचा. फक्त ती चुकीच्या जागी बघत होती. सळ्या नीट होत्या. कॉलममध्ये, पायात, बीममध्ये मी जे ओतत होतो त्यात मीठ होतं. ते आतल्या आत सळ्या खाणार होतं. आज नाही, पण क्लारितो म्हातारा होऊन चुलीपुढे उभा राहील तोवर नक्की. आणि आमच्याकडे जमीन अधूनमधून हलते. वादळं तर पाहुण्यांसारखी दरवर्षी येतात.

मला ओरडता येत नाही. मी फक्त घरघरतो. घरघर जरा वाढवून पाहिली, तर इस्योंगने पट्ट्याला ग्रीस लावलं.

शेवटी शिंपला सापडला तो एर्मिनलाच. आतल्या खोलीच्या ताज्या गिलाव्यात, जेरिकच्या नखातून सुटलेला, नाणं असावं तसा गोल. तिने तो खिळ्याने उचकटला, रुमालात घेतला आणि मारिफेल कामावर आली तेव्हा तिच्या हातावर ठेवला.

"ही तुमची नवीन डिझाइन का ग? समुद्र खिडकीतून नको म्हटलं, तर भिंतीत घातलात."

मारिफेलचा चेहरा उतरला. त्याच आठवड्यात तिने त्या दुकानदाराच्या कुंपणभिंतीवरही तांबूस ओघळ पाहिले होते आणि भिंतीला खालून लोणा, म्हणजे मिठाचा पांढरा थर, धरलेला पाहिला होता. पावसाचं पाणी मुरलं असेल म्हणून तिने स्वतःची समजूत घातली होती. जेरिक खडीच्या ढिगामागे होता. तिने त्याला माझ्याजवळ बोलावलं.

"वाळू कुठून येते?"

जेरिकने क्षणभरच माझ्याकडे पाहिलं. "ओढ्यावरून. पण हल्ली खेपा मानोंग इस्योंगच सांगतात. मी दोन-दोन ठिकाणी धावतो, मानांग. सगळीकडे मी कसा असेन?" मग आवाज खाली आणून, "सिमेंटही कमी भरतंय. मी बोललो नाही, म्हातारा माणूस आहे म्हणून."

यातलं एक खरं होतं. सिमेंट कमी भरत होतंच. खोट्याला एका खऱ्याची काठी दिली की ते छान चालायला लागतं.

संध्याकाळी मारिफेल थांबली. मजूर धुवायला गेले. इस्योंगने बादली भरली, पान झाकलं, वळला, तर ती समोर उभी.

"मानोंग, मला सगळं कळलंय."

त्याने बादली खाली ठेवली. कानामागची सिगारेट काढली, परत ठेवली. "कळलंच आहे तर काय बोलू, इंदाय? केलं मी."

"किती दिवस?"

"तुझे वडील होते तेव्हापासून. त्यांना ठाऊक होतं. हसायचे."

"माझे वडील?" मारिफेलचा आवाज चिरकला. "लोकांच्या घरात हे घालताना माझे वडील हसायचे?"

"घरात कुठे, डुकरांच्या गोठ्यात. माझ्या..." आणि तो थांबला, कारण ती ऐकत नव्हती. तिने पाठ फिरवली होती.

"उद्यापासून येऊ नका," ती म्हणाली.

इस्योंगने बादलीतलं सिमेंट परत पोत्यात ओतलं, एक चिमूटसुद्धा न सांडता, आणि रिकामी बादली घेऊन गेला. त्या दिवशी त्याने शीळ घातली नाही.

त्याच्यानंतर काही दिवस वाळू गोड आली. खरी नदीची, लांबून आणलेली. मारिफेल रोज येऊन ढीग बघायची, मुठीत घेऊन बघायची आणि तिचे खांदे थोडे सैल व्हायचे. चोर गेला आणि चोरी थांबली, असं तिला वाटत असावं. जेरिक जास्त हसायला लागला. तिला गरम पाव आणून द्यायचा, "जेवलीस का" विचारायचा. माझा तर या प्रेमावरही विश्वास बसेना.

मग पुन्हा खारट खेप आली.

गावच्या संताचा उत्सव होता. काम बंद, सगळे मिरवणुकीला. भर दुपारी मारिफेल एकटीच कामावर आली. कॉलमवरून हात फिरवत हिंडली, ढिगापाशी थांबली, आणि मग माझ्याकडे आली. ड्रमच्या काठाला वाळलेल्या मालाचा थर होता, त्याच्या खाली ओली वाळू चिकटलेली. तिने ती बोटावर घेतली. एखादी बाई भाजीतलं मीठ बघते तशी जिभेवर ठेवली.

ती थुंकली नाही. गिळली. मग माझ्या चाकाला टेकून खाली बसली.

जेरिकचा ट्रक आला तेव्हाही ती तशीच बसली होती. त्याला वाटलं होतं, कामावर कुणी नसेल. ट्रकच्या मागून पाणी गळत होतं. तो उतरला, तिला पाहिलं, आणि या वेळी हसला नाही.

"मी धुऊन घेत होतो, मानांग," तो म्हणाला. "सुरुवातीला प्रत्येक खेप धुतली. मग विहिरीचं पाणी आटलं. नाताळापर्यंत घर हवं म्हणून सगळे मागे लागलेले. तूही. आणि गावात निम्मी घरं समुद्राच्या वाळूची आहेत, उभी आहेत ना?"

"मानोंगचं नाव का घेतलंस?"

"तू माझं घेऊ नयेस म्हणून."

दूरवर मिरवणुकीचे ढोल वाजत होते. मला वाटलं, आता ही ओरडेल, लहानपणी बदडायची तशी बदडेल. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "शिंपला हातात आला ना, तेव्हा मला पहिल्यांदा तुझाच संशय आला होता."

जेरिकने ट्रकच्या दाराला हात टेकला.

"म्हणूनच मी मानोंगला काढलं. त्यांचं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. ऐकलं असतं तर उरला असतास तूच."

जेरिक मटकन समोरच्या विटांवर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मी त्या रडण्याकडेही बारकाईने पाहिलं. खरं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने एर्मिनला फळ्यांच्या ढिगावर शेजारी बसवून सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. भाऊ उन्हात समोर उभा होता. एर्मिनने छत्री उघडली, मिटली. मग फोन लावून मारिफेलच्या हातात दिला. "माझ्या तोंडून नाही जायचं हे. तू सांग त्याला."

फोनच्या पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. क्लारितोने सगळं ऐकून घेतलं. मारिफेल म्हणाली की जितकं उभं आहे तितकं पाडून आम्ही पुन्हा बांधू, आमच्या पैशाने, पण नाताळ हुकणार.

"नाताळ काय, पुढच्या वर्षीही येतो," तो म्हणाला. "ती वाळू आणखी कुणाच्या घरात गेली आहे, इंदाय?"

मारिफेलने जेरिककडे पाहिलं. "कुंपणाच्या भिंतीत," तो म्हणाला. मग मान खाली घालून, "आणि दवाखान्याच्या मागच्या खोलीत."

"मग आधी तिथे जा," क्लारितो म्हणाला. "माझ्या घरात अजून कुणी झोपत नाही."

जेरिक एकटाच गेला. दुकानदाराने त्याला अंगणात सगळ्यांदेखत वाजवलं म्हणतात, आणि दंतवैद्याने खुर्चीवर बसवून शांतपणे इतकं ऐकवलं की त्यापेक्षा मार बरा. त्यानंतर बरेच दिवस आम्हाला कुणी काम दिलं नाही. बेकरीवालीने भाड्यासाठी मात्र तोंड वाजवलं नाही. रोज संध्याकाळी उरलेले पाव वर पाठवायची.

घर पाडायला माणसं मिळेनात. जेरिकने घण उचलला. एका सकाळी तो कॉलमवर घाव घालत होता आणि फाटकाशी सायकल वाजली. मानोंग इस्योंग. मारिफेल आदल्या दिवशी त्याच्या घरी जाऊन आली होती. तिथे काय झालं ते मला ठाऊक नाही. ती लगबगीने पुढे गेली.

"मी चोर आहे, इंदाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पण उरलेल्या सिमेंटचा. तेवढीच चोरी माझ्या नावावर ठेव. दुसऱ्याची लावलेली मला जड होते."

"मी सगळ्यांसमोर सांगते, मानोंग. माझं चुकलं."

"सगळ्यांना कळलंय. तुझा भाऊ परवा माझ्या दारात येऊन बसला होता. डुकरं सोडून कुणी त्याच्याशी बोललं नाही." मग जेरिककडे वळून, "अरे तोतो, असा घण मारलास तर नाताळापर्यंत तुझी कंबर पडेल, कॉलम नाही. सर बाजूला."

जेरिक बाजूला झाला नाही. दोघांनी मिळून पाडला.

घर पुन्हा उभं राहिलं. मी पुन्हा सगळं कालवलं, त्याच जागी, त्याच कॉलमसाठी, आणि माझं इंजिन एकदाही शहारलं नाही. क्लारितो दुसऱ्या वर्षी आला. त्याने चुलीपुढे उभं राहून मजुरांना, इस्योंगला आणि जेरिकलाही जेवू घातलं. जेरिकला वाढताना त्याचा हात जरा थांबला, हे मी खिडकीतून पाहिलं. पण वाढलं.

आता मी थकलोय. ड्रमला दोन ठिगळं आहेत, एक चाक लंगडतं. शहरात मोठी कामं तयार काँक्रीटच्या गाड्यांवर होतात; मला बोलावणारी घरं लहान. कंपनीही लहानच राहिली. लोक काम देतात, पण एर्मिनची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. कुणी ना कुणी छत्री घेऊन बघायला येऊन बसतंच. मारिफेल त्यांना खुर्ची देते.

वाळूची खेप आली की ती चाखते. मजुरांसमोर, जेरिकसमोर. तो शेजारी उभा राहून दुसरीकडे बघतो. दोघं एकमेकांवर माया करतात, यात मला शंका नाही. विश्वास ठेवतात का, याची आहे.

परवा खेप आली तेव्हा ती घरमालकाशी फोनवर बोलत होती. तिने हातानेच खूण केली, ओता. मजुरांनी फळी खोलायला घेतली, तर जेरिक ट्रकच्या मागे आडवा उभा राहिला.

"थांबा. मानांगने चाखली नाही अजून."

तिने फोन खाली घेतला. त्याच्याकडे बघत राहिली. त्याचे केस पांढरे व्हायला लागलेत, हे तिने त्या दिवशीच पाहिलं असावं.

"तू चाख," ती म्हणाली.

त्याने चिमूटभर घेतली, जिभेवर ठेवली, आणि घोळवत राहिला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत उभे. शेवटी तो म्हणाला, "गोड आहे," आणि त्याचा आवाज असा काही झाला की इस्योंगने घाईघाईने माझं हँडल धरलं आणि मला शिवी दिली.

वाळू माझ्या पोटात पडली. मी ती सगळी घोळवून, घोळवून पाहिली.

तुम्ही घर बांधायला काढलंत तर रंग कुठला, फरशी कुठली हे जरूर बघा. पण एखादा दिवस माझ्यासारख्याच्या शेजारी येऊन उभे राहा. कुणी रागावलं तर रागावू द्या. मी जितके दिवस फिरतोय तितके दिवस जीभ बाहेर काढूनच फिरणार आहे.

त्या दिवशीची वाळू गोड होती. जेरिक खरं बोलला होता.